वाळवंटी कॅन्यनमधील झेपणारी वाट कशी निवडावी? ज्येष्ठ ट्रेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मुख्यतः युटा आणि अ‍ॅरिझोना या राज्यांत, कॅन्यनमध्ये, म्हणजे उभ्या कड्यांच्या खोल दरीत, चालायला जाणाऱ्या साठीपुढच्या ट्रेकरांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिथल्या फलकांवर अंतर मैलांत आणि उंची फुटांत असते. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर आणि शंभर फूट म्हणजे सुमारे ३० मीटर, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

१. कॅन्यनमधली वाट डोंगरातल्या वाटेपेक्षा वेगळी कशी असते?

डोंगरात चढ आधी असतो. दम लागला की माणूस आपोआप थांबतो, आणि परतताना उतार मिळतो. कॅन्यनमध्ये काठावरून खाली उतरणाऱ्या वाटेवर हा क्रम उलटा होतो. पहिला तासभर सगळे सोपे वाटते, आणि खरा चढ पाय थकलेले असताना, ऊन वर आलेले असताना आणि पाणी निम्मे संपलेले असताना सुरू होतो. म्हणून वाट निवडताना ‘मी कुठपर्यंत जाऊ शकेन’ यापेक्षा ‘मी कुठून परत येऊ शकेन’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरे याच एका विचारातून आली आहेत.

कॅन्यनच्या वाटांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : काठाकाठाने जाणाऱ्या, काठावरून तळाकडे उतरणाऱ्या आणि मुखातून शिरून तळातूनच आत जाणाऱ्या. पहिला आणि तिसरा प्रकार बहुतेक ज्येष्ठांना झेपतो. दुसऱ्या प्रकारात मात्र जपून, मोजून उतरावे.

२. माझे वय ७१ आहे. या वयात कॅन्यनमध्ये चालणे योग्य आहे का?

वयाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. गेल्या दोन महिन्यांत आपण प्रत्यक्ष काय चाललो, यावरून बरेच ठरते. सपाटीवर न थांबता दोन तास चालता येते का? दहा-बारा मजल्यांइतक्या पायऱ्या, हव्या तेवढ्या विश्रांती घेत, चढून लगेच उतरता येतात का? दुसऱ्या दिवशी गुडघे आणि पोटऱ्या कुरकुर करतात का? चढताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले, तर वेग जास्त आहे असे समजावे.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी आहे : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे, म्हणून ज्येष्ठांनी उत्तर सरळ दुप्पट करावे. उदाहरणार्थ, अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या साउथ कायबॅब वाटेवरील सीडर रिज हे ठिकाण जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर आहे आणि चढ सुमारे ३४० मीटर आहे. नेस्मिथ यांच्या नियमाने दीड तास होतो, दुप्पट केल्यास तीन. उद्यानही या पल्ल्यासाठी दोन ते चार तास सांगते, म्हणजे दुपटीचा अंदाज बरोबर मध्यावर येतो.

३. फलकावर ‘सोपी’ किंवा ‘मध्यम’ लिहिले असेल, तर त्यावर कितपत विसंबावे?

दिशा कळण्यापुरते. हे वर्गीकरण सर्वसाधारण निरोगी प्रौढ डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते आणि ते उद्यानागणिक बदलते. आपण चार गोष्टी स्वतः पाहाव्यात : परतीचा एकूण चढ, पायाखालची जमीन, सावली आणि मध्येच परत फिरण्याची सोय.

यांपैकी जमिनीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मऊ वाळूतले तीन किलोमीटर कठीण जमिनीवरच्या तीन किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त दमवतात, कारण प्रत्येक पाऊल थोडे मागे सरकते. कोरडा वालुकाश्म बुटांना चांगला धरतो, पण त्यावर वाळूचे कण पसरलेले असतील तर तोच कातळ निसरडा होतो. शिवाय कातळावर चढणे सोपे आणि उतरणे अवघड असते. चढताना जिथे हात टेकावे लागले, तिथून उतरता येईल का, हे वर जाण्याआधीच ठरवावे.

४. सुरुवातीला कोणत्या वाटा घ्याव्यात?

पहिल्या दिवशी काठावरची किंवा तळातली सपाट वाट घ्यावी. खालील वाटा त्यासाठी खरोखर चांगल्या आहेत, आणि सोप्या आहेत म्हणून त्या दुय्यम ठरत नाहीत.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरची रिम ट्रेल सुमारे २१ किलोमीटर लांब आहे. तिचा मोठा भाग फरसबंद किंवा डांबरी आहे, आणि वाटेवर ठिकठिकाणी उद्यानाच्या मोफत बसचे थांबे आहेत. पाहिजे तेवढे चालावे, थकलो की पुढच्या थांब्यावर बस पकडावी. परतीची चिंता नसलेली वाट म्हणजे काय, हे येथे कळते.

युटातील झायॉन राष्ट्रीय उद्यानात पारुस ट्रेल जाऊन-येऊन ५.६ किलोमीटर आणि रिव्हरसाइड वॉक ३.५ किलोमीटर आहे. दोन्ही फरसबंद आहेत आणि दोन्हींत चढ नगण्य आहे. रिव्हरसाइड वॉक व्हर्जिन नदीच्या काठाने अशा ठिकाणी पोचवते, जिथे कडे जवळ येत जातात आणि पुढे वाट नदीच्या पात्रातूनच जाते. तिथेच थांबून बसावे. तळातून कडे पाहण्याचा अनुभव पूर्ण मिळतो.

युटातीलच कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानातली ग्रँड वॉश ही माझ्या मते ज्येष्ठांसाठी या सगळ्या प्रदेशातली सर्वांत समाधान देणारी वाट आहे. एका बाजूने सुमारे साडेतीन किलोमीटर, चढ-उतार जेमतेम ६० मीटर, आणि मधला भाग उंच, सरळसोट भिंतींमधून जातो. वाट कोरड्या ओढ्याच्या खडीतून आहे, त्यामुळे घोट्याला आधार देणारे बूट हवेत. तिला दोन्ही टोकांना रस्ता असल्याने, गाडी चालवणारे कोणी सोबत असेल तर पलीकडच्या टोकाला गाडी बोलावता येते आणि अंतर निम्मे होते. जवळच्याच कॅपिटल गॉर्जमध्ये दीड किलोमीटरच्या वाटेवर प्राचीन शिलाचित्रे आहेत, आणि १८७१ पासून इथून गेलेल्या प्रवाशांनी भिंतीवर कोरलेली नावेही दिसतात. शेवटी पाण्याच्या नैसर्गिक टाक्यांकडे जाणारा छोटा चढ सोडला, तरी काही बिघडत नाही.

या वाटा सहज जमल्या, तर एस्कलान्टे परिसरातील लोअर काफ क्रीक धबधब्याची वाट घ्यावी. ती जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर आहे, चढ फारसा नाही, पण वाळू बरीच आहे. शेवटी सुमारे ३८ मीटर उंचीचा धबधबा आणि दाट सावली मिळते. ग्रँड वॉश, कॅपिटल गॉर्ज आणि काफ क्रीक या तिन्ही ठिकाणी पावसाचा अंदाज पाहूनच जावे (प्रश्न १० पाहा).

५. ग्रँड कॅन्यनमध्ये थोडे तरी खाली उतरायची इच्छा आहे. कुठपर्यंत उतरावे?

ही इच्छा रास्त आहे, आणि ती पुरी करता येते. काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नये, असा इशारा उद्यान सर्व वयोगटांना देते. तो अक्षरशः पाळावा.

साउथ कायबॅब वाटेवर ऊ-आ पॉइंट जाऊन-येऊन सुमारे २.९ किलोमीटर आणि चढ सुमारे २३० मीटर आहे. तिथून दृश्य एकदम खुले होते. पुढे सीडर रिजला स्वच्छतागृह आहे, पण या संपूर्ण वाटेवर पिण्याचे पाणी कुठेही नाही आणि सावली फार थोडी आहे. ब्राइट एंजल वाटेवरील पहिला निवारा सुमारे ३४५ मीटर खाली आहे. तिथे स्वच्छतागृह आहे आणि ठरावीक हंगामात पाणी असते. जलवाहिनी फुटली की तेही बंद होते, म्हणून त्या सकाळी अभ्यागत केंद्रात विचारून निघावे. ब्राइट एंजलवर सावली जास्त आणि वळणे अधिक सौम्य असल्याने पहिल्या उतरणीसाठी तीच बरी.

ठिकाण ठरवण्यापेक्षा वेळ ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे. उपलब्ध वेळेचा एक तृतीयांश भाग उतरण्यासाठी आणि दोन तृतीयांश चढण्यासाठी ठेवावा. तीन तास हाताशी असतील, तर घड्याळात एक तास झाल्यावर, पुढचे वळण कितीही खुणावत असले, तरी वळावे. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, हेही विसरू नये. ज्या चढाला घरी दम लागत नाही, त्याला इथे लागतो. पोचल्याच्या दिवशी न उतरता दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उतरावे. युटातील ब्राइस कॅन्यन उद्यानाचा काठ तर २,४०० मीटरच्या वर आहे. तिथला क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप यांचा मिळून होणारा ४.७ किलोमीटरचा फेरा लहान दिसतो, पण परतीचा जवळजवळ १८० मीटरचा चढ विरळ हवेत करावा लागतो.

वाटेत खेचरांचा तांडा आला, तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून शांत उभे राहावे आणि चालवणारा सांगेल ते ऐकावे.

६. कोणत्या महिन्यांत जावे, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी?

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यनमध्ये सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चढ-उताराच्या वाटांवर चालू नये, असे उद्यान सांगते. दर ३०० मीटर खाली उतरल्यावर तापमान साधारण तीन अंशांनी वाढते. त्यामुळे काठावर हवा सुखद असली, तरी तळात ती जीवघेणी असू शकते. हिवाळ्यात उलट अडचण येते : सावलीतल्या वळणांवर बर्फ गोठून राहतो, आणि बुटांना लावायचे काटेरी पट्टे नसतील तर तिथे उतरू नये.

७. किती पाणी न्यावे? आणि जास्त पाणी प्यायल्यानेही त्रास होतो, हे खरे आहे का?

दिवसभर बाहेर असल्यास माणशी चार लिटर धरावेत. उन्हात चालताना दर तासाला अर्धा ते एक लिटर लागू शकते. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावतो आहोत हे कपड्यांवरून कळत नाही. त्यातच वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. काहीही न खाता नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते; डोके दुखणे, मळमळ, गोंधळणे ही लक्षणे दिसतात आणि ती उष्माघाताशी मिळतीजुळती असल्याने फसवतात. प्रत्येक विश्रांतीला पाण्यासोबत खारे काहीतरी खावे. ज्यांना डॉक्टरांनी मीठ किंवा पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी पुढील उत्तर आधी वाचावे.

८. मला रक्तदाब आणि मधुमेह आहे. औषधांचा उष्णतेशी काही संबंध येतो का?

येतो, आणि तो प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलण्याइतका महत्त्वाचा आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी आणि क्षार कमी करतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातील नाडीच्या आकड्यावरून श्रमाचा अंदाज चुकतो; बोलण्याची कसोटी (प्रश्न २) अधिक विश्वासार्ह ठरते. सर्दी-अ‍ॅलर्जीची काही औषधे घाम कमी करतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला लागलेला साधा मारही किरकोळ समजू नये. इन्सुलिन उष्णतेने खराब होते, म्हणून ते गाडीत ठेवू नये, आणि चालण्याने साखर उतरते, म्हणून गोड खाऊ खिशात हाताशी असावा. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये किंवा एखादी गोळी ‘आजच्यापुरती’ गाळू नये.

९. चढ जमतो, पण उतरताना गुडघे दुखतात, आणि अरुंद वाटेवर दृष्टिभयही (खोल दरी दिसल्याने येणारी भीती) वाटते. मग कॅन्यन सोडूनच द्यावे का?

मुळीच नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि गुडघ्यावर ताण वाढतो. दोन ट्रेकिंग काठ्या उतारासाठी किंचित लांब करून वापराव्यात, पावले लहान टाकावीत आणि उंच पायरीवरून उडी न मारता बाजूने उतरावे. मांडीचे स्नायू बळकट करण्यासाठी पायऱ्या उतरण्याचा सराव निदान सहा आठवडे आधी सुरू करावा. लोक चढण्याचा सराव करतात आणि उतरण्याचा विसरतात.

दृष्टिभय हा मनाचा कमकुवतपणा नाही, त्याची लाज वाटून घेऊ नये. झायॉनमधील एंजल्स लँडिंगसारखी वाट, जिच्यावर साखळीला धरून अरुंद धारेवरून जावे लागते आणि जिच्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो, ती अशा व्यक्तीने सरळ यादीतून काढावी. काही ‘सोप्या’ वाटाही फसव्या असतात : त्याच उद्यानातील कॅन्यन ओव्हरलुक ही जेमतेम दीड किलोमीटरची वाट असली, तरी तिच्यावर मध्येमध्ये खोल कडे आहेत आणि सगळीकडे कठडा नाही. याउलट तळातून जाणाऱ्या वाटांवर (प्रश्न ४) दृष्टिभयाचा प्रश्नच येत नाही, कारण सगळी उंची डोक्यावर असते.

१०. आकाश निरभ्र असेल, तर तळात शिरायला हरकत नाही ना?

हरकत असू शकते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात अकरा जणांचा मृत्यू झाला. पाऊस कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला पडला होता. वाळवंटातील कातळ आणि कोरडी जमीन पाणी शोषत नाही, त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर पडलेला पाऊस एका चिंचोळ्या घळीत एकवटतो. म्हणून आपल्या डोक्यावरचे आकाश न पाहता संपूर्ण पाणलोटाचा अंदाज पाहावा. दक्षिण युटातील उद्यानांसाठी हवामान खाते दररोज पुराच्या शक्यतेचे चार पायऱ्यांचे अनुमान देते; त्यात सर्वांत खालची पायरी नसेल, तर ज्येष्ठांनी अरुंद घळीत जाऊ नये. चपळ माणूस जिथे दहा सेकंदांत वर चढेल, तिथे आपल्याला मिनिट लागेल, हा साधा हिशेब आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारची वादळे नेहमीची असतात. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या वाहत येणे किंवा वरून घरघर ऐकू येणे, यांपैकी काहीही झाले तर सामान टाकून उंच जागा गाठावी. मुखाकडे पळत सुटू नये.

११. नकाशावर वाट सपाट दिसत होती, पण प्रत्यक्षात मध्ये उभा कातळटप्पा आला. असे का झाले?

अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या या भागातील बऱ्याच नकाशांत दोन समोच्च रेषांमधले (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधले) उंचीचे अंतर ४० फूट असते. म्हणजे तीसेक फुटांची उभी पायरी दोन रेषांच्या मध्ये बसून पूर्णपणे अदृश्य राहू शकते, आणि ओढ्याच्या तळात अशा पायऱ्या, म्हणजे कोरडे धबधबे, वारंवार येतात. फोनमधील अ‍ॅपसुद्धा बहुधा याच प्रकारच्या माहितीवर चालते. त्यामुळे मळलेल्या, उद्यानाने देखभाल केलेल्या वाटेबाहेर पडण्यापूर्वी नुकतेच तिथे जाऊन आलेल्या रेंजरला (उद्यानाच्या रक्षकाला) नेमका प्रश्न विचारावा : “हात टेकून चढावे लागेल अशी जागा आहे का, आणि सर्वांत उंच पायरी किती?” ‘वाट अवघड आहे का’ या प्रश्नाला तरुण रेंजर स्वतःच्या पायांवरून उत्तर देतो.

१२. स्लॉट कॅन्यन म्हणजे अरुंद घळी पाहायच्या आहेत. त्यांपैकी कोणती झेपेल?

अँटिलोप कॅन्यन नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीवर आहे, आणि तिथे अधिकृत वाटाड्याशिवाय जाता येत नाही. लोअर भागात उभ्या लोखंडी शिड्या-जिने आहेत. अप्पर भागात जमीन बरीच सपाट आहे, म्हणून गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी तोच निवडावा. आरक्षण करताना वेळ कोणत्या घड्याळाने दिली आहे, हे जरूर विचारावे. उन्हाळ्यात युटा आणि नवाहो प्रदेश घड्याळ एक तास पुढे करतात, उरलेले अ‍ॅरिझोना करत नाही, आणि सीमेजवळ फोन आपोआप वेळ बदलतो. दोर लावून उतरण्याच्या घळी हा वेगळाच खेळ आहे. तो या पानाच्या कक्षेत येत नाही.

१३. गटातले तरुण पुढे निघून जातात. आम्ही मागे एकटे चालावे का?

नाही. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा, आणि हे निघण्यापूर्वी स्पष्ट बोलून घ्यावे. तरुणांना पुढे जायचेच असेल, तर एकाने तरी सोबत राहावे आणि भेटण्याची जागा व वेळ ठरलेली असावी. कॅन्यनमध्ये फोनला बहुतेक ठिकाणी सिग्नल नसतो. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रालाही मोकळे आकाश लागते, आणि अरुंद घळीत ते मिळेलच असे नाही. म्हणून कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे कागदावर लिहून मागे राहणाऱ्याकडे द्यावे.

१४. आम्ही मुलांकडे काही महिन्यांसाठी आलो आहोत. ज्येष्ठांचा सवलतीचा पास आम्हाला मिळेल का?

मिळणार नाही. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठ पास (वर्षासाठी २० डॉलर, आजीवन ८० डॉलर) ६२ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकांसाठी आणि कायमस्वरूपी रहिवाशांसाठीच आहे. परदेशी पाहुण्यांसाठी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायॉन आणि ब्राइस कॅन्यन यांसह काही उद्यानांत वेगळे, वाढीव शुल्क आहे, ते खर्चात धरावे. त्याहून महत्त्वाचा आहे वैद्यकीय विमा. हेलिकॉप्टर-रुग्णवाहिकेचे बिल प्रचंड असू शकते, त्यामुळे पॉलिसीत आपत्कालीन वाहतूक आणि आधीपासूनचे आजार समाविष्ट आहेत का, हे लेखी तपासून घ्यावे.

१५. ठरवल्याप्रमाणे वळलो, तरी परतीच्या चढावर पाय चालेनासे झाले, तर काय करावे?

प्रथम सावलीत बसावे, पाय थोडे उंच ठेवावेत, खारे खावे, पाणी प्यावे, आणि उन्हाळा असल्यास टोपी व सदरा ओला करावा. कोरड्या हवेत ओल्या कपड्याने शरीर लवकर थंड होते. घाईने उठू नये. ऊन उतरेपर्यंत तीन-चार तास थांबावे लागले तरी चालेल, आणि त्यासाठीच अर्ध्या दिवसाच्या वाटेवरही डोक्याला लावायचा दिवा आणि एक जादा गरम कपडा जवळ असावा. नंतर दर पाच-दहा मिनिटांनी थांबत, बोलता येईल अशा गतीने वर यावे. छातीत दुखणे, बोलण्यात असंबद्धता, उलट्या न थांबणे किंवा तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र चढण्याचा प्रयत्न करू नये. रुग्णाला सावलीत ठेवून एकाने जवळ थांबावे, आणि दुसऱ्याने आपले नेमके ठिकाण, वय, आजार आणि औषधे लिहिलेला कागद घेऊन मदतीसाठी जावे. वर जाणारा एखादा ट्रेकर भेटला, तर त्याच्याकडेही तसाच कागद द्यावा.